हातात राजांची जोडी, टेबलावर एक्का

 

आजचा विषय पत्त्यांचा आहे. फौजेत आयुष्य घालवलेला माणूस पोकरवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, याचं विसाव्या शतकातलं गणित पोकरच्या टेबलावरून सुरू झालं आणि तिथून ते लष्करी अभ्यासात आलं. हा प्रवास मी तुम्हाला एकाच प्रश्नातून सांगणार आहे. हातात राजांची जोडी आहे, आणि टेबलावर एक्का उघडला. आता काय करायचं?

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पैसे लावून खेळा, असं मी कुणालाही सांगत नाही. आपल्याकडे १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा आहे, जुन्या मुंबई प्रांताचा १८८७चा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. आपल्याला हवा आहे तो विचार. तो घरात शेंगदाणे लावून खेळलात तरी शिकता येतो.

झाकली मूठ

पोकर वाढलं अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींमधून. सुरुवातीला वीसच पत्ते असत. चार खेळाडू, प्रत्येकाला पाच पत्ते, सगळे बंद. आपली तीन पत्तीही याच जातीची. पत्ते वाटले तेव्हाच तुमची ताकद ठरली. तीन राजांची ट्रेल आली तर ती शेवटपर्यंत तीन राजांचीच ट्रेल. बाकी सगळं समोरच्याच्या चेहऱ्यावर, चाल कोण किती वाढवतो आणि पॅक कोण होतो यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्या खेळाला अगदी चपखल बसते.

पुढे बावन्न पत्ते आले. अमेरिकन यादवीच्या काळात काही पत्ते उघडे ठेवून खेळायचा प्रकारही रुळला. पण खरा बदल झाला तो टेक्सासमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे 'टेक्सास होल्डेम' नावाचा प्रकार सुरू झाला. टेक्सासच्या विधिमंडळाने रॉब्सटाउन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली आहे. १९६०च्या दशकात तो लास व्हेगासला पोहोचला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कसिनोत पोकरची पहिली जागतिक मालिका झाली, आणि पुढे मुख्य स्पर्धा याच प्रकाराची झाली.

नियम थोडक्यात असे. प्रत्येकाला दोन पत्ते बंद. त्यावर बोलीची एक फेरी. मग टेबलावर तीन पत्ते एकदम उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. हे सगळ्यांचे सामायिक पत्ते. पुन्हा बोली. मग चौथा पत्ता, बोली, पाचवा पत्ता, शेवटची बोली. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, या सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याचे मधले पैसे. त्या पैशांना पॉट म्हणतात.

आता फरक बघा. तुमच्या हातात दोन राजे आले. याहून मोठी जोडी एकच, एक्क्यांची. तुम्ही बोली वाढवली, एकाने तेवढेच पैसे भरले, बाकीचे पॅक झाले. फ्लॉप उघडला: एक्का, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. तुमचे राजे होते तिथेच आहेत. पण आता समोरच्याकडे नुसता एक जरी एक्का असला तरी तो पुढे गेला.

हे कितीदा घडतं

माणसाला वाटतं, एक्का नेमका माझ्याच वेळी येतो. मोजून बघू. तुमचे दोन पत्ते सोडून पन्नास उरतात, त्यांतले चार एक्के. तीन पत्ते उघडले की त्यात निदान एक एक्का असण्याची शक्यता शेकडा साडेबावीस. म्हणजे पाचात एकदापेक्षा थोडी जास्त. राण्यांची जोडी असेल तर तिच्याहून मोठा पत्ता फ्लॉपवर येण्याची शक्यता शेकडा एक्केचाळीस. गुलामांच्या जोडीवर सत्तावन्न, दश्शींच्या जोडीवर जवळजवळ एकोणसत्तर. म्हणजे गुलामांची जोडी घेऊन बसलेल्याला मोठा पत्ता न दिसणं हाच अपवाद आहे. ज्याला हे ठाऊक आहे, तो एक्का उघडल्यावर दचकत नाही.

दुसरा प्रश्न. समोरच्याकडे एक्का आहे का? त्याचे पत्ते अगदी कुठलेही असू शकतात असं धरलं, तर एका माणसाकडे एक्का असण्याची शक्यता शेकडा साडेबारा. पण समोर पाच जण असतील तर पाचांपैकी कुणाकडे तरी एक्का असण्याची शक्यता शेकडा बावन्न होते. म्हणून पहिला धडा: किती जण समोर आहेत, ते आधी मोजा. एकाशी गाठ असताना जे धैर्य असतं, तेच पाचांसमोर आंधळेपणा ठरतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. समोरचा माणूस कुठलेही पत्ते घेऊन बसलेला नाही. तुम्ही बोली वाढवल्यावरही त्याने पैसे भरले आहेत. म्हणजे त्याच्याकडे काहीतरी बरं आहे. समजा तो एक्का-राणी, एक्का-गुलाम, किंवा राणीपासून अठ्ठीपर्यंतची एखादी जोडी, एवढ्यावरच पैसे भरतो. आता मोजू. एक एक्का टेबलावर, उरले तीन. राण्या चार. म्हणजे एक्का-राणी बारा प्रकारे येऊ शकते, एक्का-गुलाम बारा प्रकारे. झाले चोवीस. राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी या पाच जोड्या, प्रत्येकी सहा प्रकारे. झाले तीस. एकूण चोपन्न शक्यतांपैकी तिसात तुम्ही अजून पुढे आहात.

एक्का उघडला, तरी अर्ध्याहून जास्त वेळा राजे जिंकत आहेत. म्हणजे घाबरून पॅक होणं चूक. मग मोठी बोली लावून समोरच्याला हाकलून द्यावं? इथेच खरी मेख आहे. समजा पॉटमध्ये शंभर आहेत आणि तुम्ही शंभर लावले. त्या तीस जोड्यांपैकी बहुतेक पॅक होतील, आणि ते चोवीस एक्केवाले आनंदाने भरतील. म्हणजे ज्यांना तुम्ही हरवत होता ते निघून गेले आणि जे तुम्हाला हरवत होते तेवढेच थांबले. तुमची बोली जोरदार होती, पण तिने चुकीच्या माणसांची निवड केली.

तीन पत्त्यांचं गणित

हा विचार शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडला गेला तो जुगाऱ्यांकडून नव्हे, गणितज्ञांकडून. फ्रान्सच्या एमिल बोरेल यांनी १९२१च्या सुमारास सुरुवात केली. १९२८ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी दोन खेळाडूंच्या खेळांबद्दलचा पायाभूत सिद्धांत सिद्ध केला. १९४४ मध्ये त्यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर खेळांच्या सिद्धांतावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात पोकर आणि थापेबाजी यांना स्वतंत्र जागा दिली. थाप मारणं हा स्वभावदोष किंवा नाटक नसून ती गणिताची गरज आहे, हे त्यांनी दाखवलं.

आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर मात्र १९५० मध्ये प्रिन्स्टनच्या हॅरोल्ड कून यांनी दिलं. त्यांनी पोकर इतकं लहान केलं की ते कागदावर पूर्ण सोडवता यावं. पत्ते फक्त तीन. आपण त्यांना राजा, राणी, गुलाम म्हणू. खेळाडू दोन. दोघांनी एकेक रुपया मध्ये ठेवायचा, एकेक पत्ता घ्यायचा. पहिल्याने आणखी एक रुपया लावायचा किंवा न लावता पाळी पुढे द्यायची, ज्याला 'चेक' म्हणतात. कुणी लावला तर दुसऱ्याने तेवढाच भरायचा किंवा पॅक व्हायचं.

तुमच्याकडे राणी आली आणि पहिली पाळी तुमची आहे. रुपया लावावा का? समोर गुलाम असेल तर तो पॅक होईल, जादा काही मिळणार नाही. समोर राजा असेल तर तो भरेल आणि तुमचा जादा रुपया जाईल. म्हणजे राणीवर बोली लावून फायदा कुठेच नाही. कून यांचं उत्तर स्पष्ट आहे: राणी असताना पहिल्याने कधीही बोली लावू नये, चेक करावं.

पण राणी म्हणजे पॅक व्हायचा पत्ता नव्हे. तुम्ही चेक केलं, समोरच्याने रुपया लावला. त्याच्याकडे राजा आहे, की गुलामावर थाप मारतो आहे? तुम्ही दर वेळी पॅक होत असाल तर तो दर वेळी थाप मारेल. तुम्ही दर वेळी भरत असाल तर तो थाप मारणंच सोडेल आणि फक्त राजा असताना लावेल. कून यांच्या हिशेबात समोरचा राजावर दर वेळी लावतो आणि गुलामावर तिनात एकदा. म्हणजे त्याच्या दर चार बोलींपैकी एक थाप असते. आणि तुम्हाला एक रुपया भरून तीन मिळणार असतात, म्हणजे चारात एकदा खरे ठरलात तर बरोबरी. दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. म्हणून राणीवाल्याने कधी भरायचं, कधी सोडायचं, आणि समोरच्याला अंदाज येऊ द्यायचा नाही.

आता परत आपल्या राजांच्या जोडीकडे या. एक्का उघडेपर्यंत ती कून यांच्या खेळातला राजा होती. एक्का उघडल्याक्षणी ती त्यांची राणी झाली. मधला पत्ता. पुष्कळांना हरवणारा, पण मोठी बोली पेलू न शकणारा.

आव्रांशची चिंचोळी वाट

इथून ही गोष्ट माझ्या परिचयाच्या क्षेत्रात येते. फौजेत कुठल्याही कारवाईआधी परिस्थितीचं लेखी मूल्यमापन करतात, त्याला आम्ही अ‍ॅप्रिसिएशन म्हणतो. त्यात एक भाग असतो: शत्रूला कुठकुठले मार्ग खुले आहेत. तो काय करेल याचा अंदाज नंतर. आधी तो काय काय करू शकतो याची पूर्ण यादी. पोकरमधल्या त्या चोपन्न शक्यता म्हणजे हेच.

१९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलातले कर्नल ऑलिव्हर हेवुड यांनी एक लेख लिहिला. फॉन नॉयमन यांचा सिद्धांत आणि लष्करी निर्णय यांची सांगड त्यांनी घातली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या दोन लढाया तपासल्या. एक पॅसिफिकमधली बिस्मार्क समुद्राची, १९४३ची. दुसरी फ्रान्समधली, ऑगस्ट १९४४ची. मला दुसरी सांगायची आहे.

नॉर्मंडीत उतरलेल्या मित्रराष्ट्रांनी जुलैअखेर जर्मन फळी फोडली. जनरल पॅटन यांची तिसरी आर्मी आव्रांश गावाजवळच्या, समुद्राला लागून असलेल्या चिंचोळ्या वाटेतून दक्षिणेकडे आणि पुढे पूर्वेकडे मुसंडी मारू लागली. वरच्या कमांडवर जनरल ओमार ब्रॅडली होते. समोर फील्ड मार्शल फॉन क्लुगे. क्लुगेंना दोन मार्ग खुले होते: पश्चिमेकडे हल्ला करून ती वाट तोडायची, किंवा वेळेत मागे सरायचं. ब्रॅडली यांच्या हाताशी चार डिव्हिजनची राखीव फौज होती आणि तिच्यासाठी तीन मार्ग होते. वाटेच्या रक्षणासाठी मागे पाठवायची, पूर्वेकडे हल्ल्यात झोकायची, किंवा एक दिवस जागच्या जागी थांबवून मग ठरवायचं.

ब्रॅडली यांनी तिसरा मार्ग घेतला. पत्त्यांच्या भाषेत त्यांनी चेक केलं. हात चांगला होता, पण पुढचा पत्ता दिसायचा होता. एक दिवस थांबण्याची किंमत थोडी होती. वाट तुटली तर ती बुजवायला फौज जवळ होती, आणि टिकली तर तीच फौज शत्रूच्या बगलेवर फिरवता येणार होती.

दुसऱ्या बाजूला काय झालं? क्लुगेंना या हल्ल्याबद्दल शंका होती. पण शेकडो मैल दूर असलेल्या मुख्यालयातून हिटलरने हल्ल्याचा आदेश दिला. १९४० मध्ये याच फ्रान्समध्ये पॅन्झर डिव्हिजननी सगळ्यांना हरवलं होतं. राजांची जोडी ती. पण १९४४ मध्ये टेबलावर एक्का उघडा पडलेला होता, आणि तो आकाशात होता. ६ ऑगस्टच्या रात्री पॅन्झर मॉर्तेंच्या दिशेने निघाले. ७ तारखेच्या सकाळी धुकं होतं तोवर ते पुढे सरकले. धुकं विरलं आणि मित्रराष्ट्रांची विमानं तुटून पडली. मॉर्तेंजवळच्या टेकडी ३१४ वर वेढ्यात अडकलेले अमेरिकी सैनिक १२ ऑगस्टपर्यंत जागा धरून राहिले. आव्रांशची वाट टिकली. जितके जर्मन रणगाडे पश्चिमेकडे गेले, तितके ते आणखी खोल अडकले. पुढे फालेझच्या वेढ्यात चाळीस ते पन्नास हजार जर्मन कैद झाले, आणि १९ ऑगस्टला क्लुगेंनी आत्महत्या केली.

एक गोष्ट जोडायला हवी. मित्रराष्ट्रं जर्मनांचे गुप्त संदेश वाचत होती, हे जगापुढे आलं १९७४ नंतर. म्हणजे हेवुड यांच्या कोष्टकात न मावलेली माहितीही त्या टेबलावर होती. तरीही मूळ मुद्दा टिकतो. एका सेनापतीने परिस्थिती बदलू शकते हे धरून हात मोकळा ठेवला. दुसऱ्या बाजूने जुन्या ताकदीच्या भरवशावर उरलेलं सगळं लावलं. किंमत चुकवली ती ज्यांना विचारलंच नव्हतं अशा सैनिकांनी.

यंत्रांनी काय सांगितलं

पोकरच्या टेबलावर हे शहाणपण उशिरा आलं. १९७६ आणि १९७७चे जागतिक विजेते डॉइल ब्रन्सन यांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहून आक्रमक खेळाचा पुरस्कार केला, आणि एक पूर्ण पिढी त्यावर वाढली. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात खेळाडूंचे बंद पत्ते कॅमेऱ्याने दाखवायला सुरुवात झाली. प्रेक्षकांना पहिल्यांदाच दिसलं की मोठी बोली लावणाऱ्याकडे खरोखर काय होतं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू ८३९ जणांतून जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर खेळणाऱ्यांचा पूर आला.

मग संगणक आले. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने मर्यादित बोलीचं दोघांचं पोकर जवळजवळ पूर्ण सोडवलं. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस'ने चार व्यावसायिकांविरुद्ध वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना स्पष्ट हरवलं. २०१९ मध्ये 'प्लुरिबस'ने सहा जणांच्या टेबलावरही तेच केलं.

एक्का-सत्ती-दुर्री अशा कोरड्या फ्लॉपवर राजांच्या जोडीचं आजचं संगणकी उत्तर पाहिलं, तर त्यात कधी चेक आणि कधी लहान बोली दिसते. पॉटएवढी बोली क्वचित. कारण साधं आहे. मागे असलेल्याकडे, मग तो तुम्ही असा की समोरचा, सुटकेचे पत्ते बहुधा दोनच असतात. पुढच्या एका पत्त्यावर ते येण्याची शक्यता शेकडा चार-साडेचार. म्हणजे थांबण्याचा धोका लहान आणि मोठ्या बोलीची किंमत मोठी. टेबलावर एकाच रंगाचे दोन-तीन पत्ते असतील किंवा क्रम जुळत असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा समोरच्याला फुकट पत्ता देणं महाग पडू शकतं.

आणि समोरच्याने लावलं तर? शंभरच्या पॉटवर त्याने पन्नास लावले, तर तुम्ही पन्नास भरून दीडशे जिंकू शकता. चारात एकदा खरे ठरलात तरी बरोबरी. पहिल्या लहान बोलीला सहसा भरावं. पण तोच माणूस पुढच्या पत्त्यावर मोठी आणि शेवटच्या पत्त्यावर त्याहून मोठी बोली लावत असेल, तर प्रत्येक बोलीगणिक त्या तीस जोड्या गळत जातात आणि एक्के उरतात. तेव्हा राजे शांतपणे खाली ठेवायचे. त्यात कमीपणा नाही.

मंडळी, या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास एकाच गोष्टीभोवती फिरतो. आपली ताकद आपल्या हातात जेवढी असते, तेवढीच टेबलावर काय उघडं पडलं आहे यातही असते. घरातला जमिनीचा वाद असो, मुलाच्या व्यवसायात आणखी पैसे घालायचे असोत, की निवृत्तीची पुंजी कुठे ठेवायची हे ठरवायचं असो, नवी माहिती समोर आली की तीन प्रश्न विचारा. समोर किती जण आहेत? त्यांना कुठकुठले मार्ग खुले आहेत? आणि मी आता जोर लावला तर थांबेल कोण आणि निघून जाईल कोण? तिसरा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. राजांच्या जोडीवर सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.